वायफायताईची शिफारस

शिडीच्या वरच्या पायरीवर दोन बूट होते आणि बुटांच्या वरचा माणूस छतात गडप झालेला होता. तणतणत जिना चढून आलेल्या वायफायताईला तेवढंच पुरे होतं. सकाळपासून तक्रारींचे फोन घेऊन घेऊन तिचा कान तापला होता आणि राग काढायला समोर निदान बूट तरी सापडले होते. तिने शिडीखाली उभं राहून जी सुरुवात केली, ती विचारू नका. तुमच्या कंपनीला काही लाज आहे का, मुलांची परीक्षा अर्ध्यात बंद पडते, फोन केला की माणूस निघालाय म्हणता, आणि माणूस उगवतो कधी, तर सगळं निस्तरून झाल्यावर... एकूण काय, तिने त्या बुटांची यथास्थित पूजा बांधली.

बूट मुकाट्याने ऐकत राहिले. मग सावकाश खाली आले. त्यांच्या मागोमाग माणूस आला. केसांत छताची धूळ, दातांत स्क्रू, आणि डोळे असे हसरे की बाई गं.

त्याने स्क्रू काढून खिशात टाकला. "सगळं पटलं," तो म्हणाला. "फक्त एकच... मी त्या कंपनीचा नाही. तिच्या जागी जी येऊ बघतेय ना, तिचा."

झाली फजिती! वायफायताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वायफायताई हे मुलांनी ठेवलेलं नाव. ती विद्यापीठाचं नेटवर्क सांभाळणारी इंजिनिअर होती, पण मुलांना तिच्याशी कामच एक. वायफाय गेलं की ताई आठवायची, आणि ते तर रोजच जायचं. जुन्या कंपनीला सगळेच कंटाळले होते. म्हणून ही नवी कंपनी वाचनालयाच्या इमारतीत महिनाभर स्वतःचं वायफाय लावून दाखवणार होती. चाचणी जमली तर साऱ्या विद्यापीठाचं काम तिला मिळणार होतं. जुनी ठेवायची की नवी आणायची, ही शिफारस करायची होती वायफायताईला. आणि जिच्यापुढे परीक्षा द्यायची, तिच्याच शिव्या खाऊन बिचाऱ्याचा श्रीगणेशा झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून दोघांची पायपीट सुरू झाली. त्याच्या हातात लॅपटॉप, तिच्या हातात इमारतीचा नकाशा. प्रत्येक खोलीत थांबायचं, सिग्नल किती येतो ते मोजायचं, पुढे जायचं. काम अगदी रटाळ, पण तिला कधी नव्हे ते सकाळी लवकर जाग येऊ लागली. इस्त्रीचे कपडे निघाले. आईने एकदा सहज विचारलं की हल्ली ऑफिसात काय विशेष आहे, तर हिने काहीच नाही म्हणताना दुधात साखरेऐवजी मीठ घातलं. आई ती आईच. तिने पुढे काही विचारलं नाही, नुसती गालात हसली.

तिसऱ्या मजल्यावर एकदा तो लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये उभ्या राहिलात की सिग्नल पडतो."

"माझ्यामुळे?"

"कोणाहीमुळे. माणसाच्या अंगात पाणी असतं, ते सिग्नल शोषून घेतं." तो थांबला. "पण तुम्ही असलात की... मलाही नीट मोजता येत नाही, हे खरं."

तिने नकाशा उगाचच उलटा धरला आणि खिडकीबाहेर झाडं बघायला लागली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या त्या तापल्याच.

पण नियम म्हणजे नियम. चाचणी चालू असेपर्यंत कंपनीच्या माणसाकडून चहाचा कपसुद्धा घ्यायचा नाही, असा विभागाचा दंडक होता. तो कॅन्टीनमध्ये विचारायचा, ती मान हलवायची, आणि मग दोघं एकाच टेबलावर आपापल्या पैशांचा चहा पीत बसायची. बघणाऱ्यांना काय दिसायचं ते दिसायचंच. विभागातले लोक खाकरायचे, आणि ती डोळे वटारायची.

इकडे चाचणी तर अशी रंगली की वाचनालयातून तक्रारीचा एकही फोन येईना. विभागप्रमुख सरांना आभाळ ठेंगणं झालं. नवीच आणायची, असं ते आत्तापासूनच सगळ्यांना सांगत सुटले. वायफायताईच्या मनात तर ढोल वाजत होते. नवी कंपनी आली म्हणजे सगळ्या इमारतींत काम निघणार, आणि ते होईस्तोवर हा माणूस इथेच. वर्ष तर कुठे गेलं नाही! आरशासमोर केस विंचरताना ती एकटीच हसायची.

तिची शिफारस ऐकून समिती निर्णय घेणार होती, त्या बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी ती दुसऱ्या इमारतीच्या व्हरांड्यातून चालली होती. डोक्यावर जुन्या कंपनीचे डबे लटकत होते, ज्यांतून वायफाय येतं ते पांढरे डबे. एक व्हरांड्यात, पुढचाही व्हरांड्यात... आणि तिचे पाय एकदम थबकले. जुने सगळे डबे खोल्यांच्या बाहेर होते, मुलांच्या आणि त्यांच्या मध्ये जाड भिंत. ती नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी तसे लावले होते, कारण वर्गांना कुलपं असतात, प्रत्येक वेळी चावी कोण शोधत बसणार! आणि याने मात्र चाव्या मागून घेतल्या होत्या, दारात ताटकळत उभा राहिला होता, आणि एकेक डबा खोलीच्या आत लावला होता.

मग फरक कशाचा? डब्याचा की जागेचा?

माहीत नसल्यासारखं करून पुढे जाता आलं असतं, पण तो तिचा पिंडच नव्हता. तिने जुना एक डबा उतरवला, वाचनालयात नेला आणि खचाखच भरलेल्या अभ्यासिकेत त्याच्या डब्याच्या जागी लावला. दुपारभर मुलं व्हिडिओ बघत राहिली, कोणी मान वर केली नाही. जुनाच डबा, ज्याला सगळं विद्यापीठ शिव्या घालत होतं, तो सुतासारखा सरळ चालत होता.

म्हणजे कंपनी बदलायची काहीच गरज नव्हती. डबे आत घ्यायचे, झालं. आणि हे उद्या सांगितलं की हा माणूस परवा आपलं सामान गुंडाळून जाणार. ती अभ्यासिकेच्या दारात उभी राहिली आणि तिला आता रडू कोसळतंय की काय असं झालं.

आधी त्यालाच सांगायचं, असं तिने ठरवलं. तो जिन्यात भेटला. तिने सगळं एका दमात सांगून टाकलं, त्याच्याकडे न बघता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. आमच्या साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, त्यांना सांगायचं काम आपलं नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं. तुम्हाला सांगायचं दोन-चारदा तोंडाशी आलं होतं. पण सांगितलं असतं, तर चाचणी त्याच दिवशी संपली असती... आणि मी इथून गेलो असतो."

एरवी हे ऐकून ती हवेत तरंगली असती. पण आत्ता तिच्या अंगाचा तिळपापड झाला. महिनाभर मला खुळ्यासारखं फिरवलंत, असं म्हणून ती तडक निघाली. तो मागून हाक मारत होता, ती वळली नाही. रात्री उशीत तोंड खुपसून मात्र खूप रडली.

बैठकीत तिने जे पाहिलं ते सरळ सांगितलं. कंपनी बदलू नये, डब्यांची जागा बदलावी. विभागप्रमुखांचा चेहरा पडला. नव्या कंपनीचे साहेब गोड हसून म्हणाले की एका दुपारच्या, एका डब्याच्या खेळावर एवढा मोठा निर्णय घेणं बरोबर होईल का? समितीतल्या वडीलधाऱ्या प्राध्यापकांनीही माना डोलावल्या. पुरावा अपुरा आहे, असं म्हणत अध्यक्षांनी पेन उचललं. वायफायताई उभीच होती.

तेवढ्यात साहेबांच्या शेजारची खुर्ची सरकली.

"त्यांचं बरोबर आहे," तो उठून म्हणाला. साहेबांनी त्याची बाही ओढली, त्याने सोडवून घेतली. "चाचणी मी केली आहे. आमचा डबा चांगला आहे, पण तुमचाही वाईट नाही. तो आत लावा. आम्ही तुम्हाला नको आहोत."

त्यापुढे वादाला जागाच उरली नाही. जुनी कंपनी राहिली, डबे आत घ्यायचं ठरलं. अध्यक्षांनी वायफायताईचं कौतुक केलं, पण तिचं लक्ष कुठे होतं! ती दाराकडे बघत होती. साहेब त्याला जवळजवळ ढकलतच बाहेर घेऊन गेले होते.

तो तिला फाटकाजवळ सापडला. वाऱ्याने नुसता धुमाकूळ घातला होता, आणि तो कंपनीच्या गाडीत खोकी रचत होता. नोकरी कशीबशी वाचली होती, पण साहेबांनी त्याला उद्याच दूरच्या शहरातल्या कामावर धाडायचं ठरवलं होतं. हे त्याने असं सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट आहे.

ती धापा टाकत होती. ओढणी एका हाताने सावरत म्हणाली, "मला तुम्ही आवडता. राग आला होता, तो अजून थोडा आहे. पण आवडता. आधी सांगितलं असतं तर... पक्षपात झाला असता."

त्याच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. "आणि मी सांगितलं असतं तर?"

"लाच झाली असती. कंपनी बाद केली असती तुमची."

"ती तशीही झालीच."

दोघांनाही हसू आवरेना. हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि ते तिने लपवलेही नाहीत.

"आता इथे यायला मला काही कारणच उरलं नाही," तो हळूच म्हणाला. "ना चाचणी, ना डबे."

तिने डोळे पुसले. "मग?"

"मग काय... रविवारी येईन. विनाकारण. नुसता तुमच्यासाठी."

"रविवारची वाट कशाला बघायची," वायफायताई म्हणाली. "शनिवारी माझा अर्धा दिवस असतो."