जुम्म्याचा सुरमा

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याबरोबर घडली आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी जुन्नरला माझ्या दुकानात यावं. गाड्यांचे सीट-कव्हर शिवतो. चांदभाईचं दुकान विचारा, कुणीही दाखवेल.

फक्त शुक्रवारी दुपारी येऊ नका.

मागच्या जानेवारीतला गुरुवार होता. मी आणि माझी बायको शमा मंचरला तिच्या बहिणीकडे गेलो होतो. परत येताना नारायणगाव सोडलं आणि अंधार पडला. जुन्नरच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रेडियम नाही, काही नाही.

"अजी..." एवढंच शमा म्हणाली.

काच फुटल्याचा आवाज आला. मग काहीच दिसेना.

शुद्धीवर आलो तेव्हा पुण्याच्या दवाखान्यात होतो. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. समोरची काच डोळ्यांत घुसली होती. डॉक्टर म्हणाले, डाव्याची आशा धरू नका, उजवा कदाचित वाचेल. पण रडायचं नाही. जरा ताण आला तरी टाके सुटतील.

"शमा कुठंय?" मी विचारलं.

"भाभी बायकांच्या वॉर्डात हायेत," दादाभाऊ म्हणाला. तो माझ्या शेजारचा पंक्चरवाला. "पाय मोडलाय. हलता येत न्हाई. तुमी पडून ऱ्हावा गुमान."

त्याच्या अंगाला कापराचा वास येत होता.

"कापूर कसला रे?"

"देवळात गेलो व्हतो. तुमच्यासाठीच."

मला बरं वाटलं. अम्मी उशाशी बसून पुटपुटत होती. थांबतच नव्हती. मी म्हटलं, अम्मी, मी जिवंत आहे, एवढं काय पढतेस? ती पढतच राहिली.

शमाची एक सवय सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दुकानातल्या रेक्झिनच्या धुळीने माझे डोळे चुरचुरायचे. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाजला निघण्याआधी ती माझ्या डोळ्यांत सळईने सुरमा घालायची. डाव्या हाताने हनुवटी धरायची. मी डोळे मिचकावले की ओरडायची, "हिलो नक्को जी! बच्चे अच्छे तुमसे." आधी उजवा, मग डावा. शेवटी दोन्ही डोळ्यांवर हळूच फुंकर.

पुढच्या शुक्रवारची दुपार. सकाळीच पट्टी बदलली होती. दादाभाऊ खाली जेवायला गेला होता. अम्मी नमाजला उठली होती. लांबून कुठूनतरी अजान ऐकू आली.

मग वॉर्डातला पंखा बंद पडला.

शेजारचा म्हातारा दिवसभर खोकायचा. त्याचा खोकलाही थांबला.

आणि... कुणीतरी माझी हनुवटी धरली.

पट्टी तशीच होती. तरी आत गार सळई फिरली. आधी उजवा. मग डावा. दुखलं नाही.

मग फुंकर आली.

"पाय मोडलाय ना तुझा? आलीस कशी?" मी हसून विचारलं.

जाणाऱ्या पावलांचा आवाज आला नाही. पंखा तेवढा पुन्हा सुरू झाला.

दादाभाऊ आल्यावर मी म्हटलं, "तुझी भाभी येऊन गेली. सुरमा लावला."

त्याच्या हातातला डबा खाली पडला.

"चांदभाई... असं नगा बोलू राव."

तो धावत नर्स रुपालीला घेऊन आला. मागोमाग डॉक्टर. पट्टी काढली आणि डॉक्टर भडकलेच.

"हे काळं कुणी घातलं? जखमेत पूड घालतं का कुणी?"

"सर, पट्टी मीच बांधली सकाळी," रुपाली म्हणाली. "चिकटपट्टी जशीच्या तशी होती. आत्ता तुमच्यासमोर सोडली."

अम्मी दारात उभी होती. तिनेच तोंड उघडलं.

"बेटा, शमा उसी दिन चली गई."

गाडीतच गेली होती. दुसऱ्या दिवशी दफन झालं. मला रडू येऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून लपवलं होतं. दादाभाऊच्या अंगाला आलेला कापराचा वास देवळातला नव्हता. तिच्या कफनाचा होता. खांदा देऊन तो थेट माझ्याकडे आला होता.

"रडू नका," डॉक्टर म्हणत होते. "डोळा जाईल."

मी रडलो नाही.

डाव्या डोळ्याने आता काही दिसत नाही. उजवा वाचला. त्या पुडीने जखम चिघळायला हवी होती, ती चिघळली कशी नाही, हे डॉक्टरांना अजून समजत नाही.

पुढे दादाभाऊने पोलीस चौकीच्या आवारातल्या आमच्या गाडीतून शमाची पर्स आणली. सुरमेदाणी तिच्यात होती. झाकण घट्ट लागलेलं. आत सुरमा होता... सळई नव्हती. आम्ही सगळी गाडी धुंडाळली. सीटसुद्धा उसवलं.

सुरमेदाणी मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला असते.

तरी दर शुक्रवारी दुपारी, मी दुकानात एकटा असताना, मशीन आपोआप थांबते. हनुवटीला बोटं लागतात. नंतर आरशात बघतो तर दोन्ही डोळ्यांत काळी रेघ असते. गेलेल्या डोळ्यातही.

डॉक्टरांनी आता रडायची परवानगी दिली आहे. मीच रडत नाही. रडलो तर सुरमा धुऊन जाईल.

गेल्या शुक्रवारी बोटं हनुवटीवरून लवकर निघाली नाहीत. मला मान हलवता येत नव्हती.

आज गुरुवार आहे. सळई अजून सापडलेली नाही.