कच्ची बाजू

निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी न पिकलेल्या ऑपरेटिंग सिस्टिम चाखतो. बाजारात यायच्या आधी कंपनी त्या माझ्यासारख्या रिकामटेकड्यांना वापरायला देते आणि आम्ही त्यातले बिघाड शोधून कळवतो. घरबसल्या दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, वर त्यांनी आभार मानायचे. आणखी काय हवं?

पण मी बेसावध नाही. लॅपटॉपच्या डिस्कचे दोन भाग केलेत. एकात रोजची पक्की सिस्टिम, दुसऱ्यात कच्ची. यंत्र सुरू झालं की विचारतं, कुठल्या बाजूला जायचं? कच्ची कोसळली तरी पक्कीच्या केसालाही धक्का लागत नाही. बायको कच्चीला सवत म्हणते.

"आज पुन्हा तिच्याकडेच का?"

"तिचा कॅमेरा तपासायचाय गं."

"तपासा, तपासा. माझा चष्मा दुरुस्त करायला मात्र वेळ नाही तुम्हाला."

कच्च्या बाजूनं लेकीला व्हिडिओ कॉल लावला. बायको शेजारी सोफ्यावर वाटाणे सोलत होती. लेकीला ती दिसत होती, पण तिचा आवाज जात नव्हता. किरकोळ बिघाड. कळवून टाकला.

दोन दिवसांनी सुधारित आवृत्ती आली. पुन्हा कॉल केला.

"आई कुठाय?" लेकीनं विचारलं.

"ही काय, शेजारी."

"बाबा, उगाच फिरकी घेऊ नकोस."

मी फेकाफेकीसाठी प्रसिद्ध आहे, त्याची ही शिक्षा. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. मी होतो, सोफा होता, मांडीच्या उंचीवर अधांतरी ताट होतं. त्यात एकेक वाटाणा पडत होता. सोलणारे हात नव्हते.

पक्क्या बाजूला जाऊन कॅमेऱ्यात पाहिलं. तिथं ती होती, चष्मा नाकावर, चेहरा वैतागलेला. मी हसलो आणि हाही बिघाड कळवला. उत्तर तासाभरात आलं.

'हा बिघाड नाही. अंतिम आवृत्तीत असंच राहील.'

संध्याकाळी दार वाजलं. बायकोनंच उघडलं. पार्सलवाला तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, घरात एकटेच का? सही करा."

"म्हातारी झाली की दिसेनाशीच होते बाई," ती हसत म्हणाली.

मी कच्चा भाग पुसून टाकला. समूळ. सकाळी यंत्र सुरू केलं, तर ते पुन्हा विचारत होतं, कुठल्या बाजूला जायचं?

मग मला स्वस्थता म्हणून राहिली नाही. यंत्र चालू, बंद, पुन्हा चालू. पक्क्या बाजूच्या कॅमेऱ्यातही आता तिच्या कडा विरल्या होत्या. तिच्या पदरातून सोफ्याची नक्षी दिसत होती.

"अहो, बसा की जरा एका जागी. काय झालंय?"

"काही नाही. तू इथंच बस."

"मी कुठं जाणारे?"

तिला काय सांगणार? आणि ऐकून तिनं विश्वास तरी ठेवला असता? मी कंपनीला लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच काही वाढवून न सांगता लिहिलं: 'घरात एकच माणूस मावत असेल, तर तिला ठेवा.'

उत्तर आलं. 'सूचना स्वीकारली आहे.'

दुपारी लॅपटॉप आपणहून वाजला. लेकीचा कॉल. पक्क्या बाजूवर.

"आई! आज किती स्वच्छ दिसतेयस गं!"

बायकोच्या कडा पुन्हा धारदार झाल्या होत्या. आवाज खणखणीत. माझ्या जिवात जीव आला. मी कॅमेऱ्यात वाकून म्हणालो, "बघ, आहे की नाही आई?"

लेक आईशीच बोलत राहिली.

"एकटीला करमतं का गं?"

"आता सवय झालीय," बायको म्हणाली.

तिचा चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. तो आणायला ती उठली. परत आली आणि सोफ्याच्या मधोमध बसली, मी बसलो होतो तिथंच.

मी सरकलो नाही.

सरकायची गरजच पडली नाही.