मोठ्या बाईंचे अठ्ठावन्न ठोके

जन्मदाखल्याचा उपयोग आता फक्त पत्रिका मांडण्यापुरता उरला होता. बाकी सगळीकडे, म्हणजे नोकरीत, निवृत्तीत, एसटीच्या सवलतीत, हृदयवय चाले. वर्षातून एकदा माणसाने खाटेवर दहा मिनिटं गप्प पडून राहावं, यंत्राने त्याचे मिनिटाचे ठोके मोजावेत आणि त्यावरून वय छापून द्यावं. या ठोक्यांना सरकारी भाषेत 'विसावा-ठोके' म्हणत. ठोके कमी, तितकं वय कमी. साठ भरले की निवृत्ती, मग जन्म कुठल्याही साली झालेला असो. दहा मिनिटं गप्प राहणं हीच मिरजेतल्या पुष्कळांना अवघड परीक्षा वाटे, पण कायद्यापुढे इलाज नव्हता.

मंदाकिनी आरवाडे मुलींच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. त्या खाटेवरून उठल्या तेव्हा कागदावर शहाऐंशी ठोके होते आणि वय एकोणसाठ वर्षं चार महिने.

"मी सत्तावन्नची आहे," त्या म्हणाल्या.

"तुम्ही असाल. हृदय नाही," डॉ. कित्तूर म्हणाल्या.

"सावकाश चाललं म्हणजे तरुण, हा कुठला हिशेब? आमच्या शाळेची फाइल सहा वर्षं सावकाश चालली आहे. तिला कुणी तरुण म्हणत नाही."

डॉक्टरीणबाईंना हा प्रश्न रोज येई. "असं धरा, रांजण भरायचाय. तांब्याने भरलात तर ऐंशी खेपा, कळशीने पन्नास. पाणी तेवढंच. व्यायामाने हृदयाचा स्नायू बळकट होतो, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकतो. तांब्याची कळशी होते. शिवाय मेंदूकडून हृदयाला लगाम घालणारी एक नस येते, सरावाने तीही तयार होते."

"आणि वजन?"

"वजन म्हणजे रांजणाचा आकार. तो लहान केलात तर खेपा आणखी कमी."

"मग हा आकडा नेमकं सांगतो काय?"

"खरं सांगू? रांग. कोण पुढे, कोण मागे."

कसली रांग, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

हातात आठ महिने होते. शाळेच्या मागे मुलींच्या प्रयोगशाळेचे बारा खांब उभे होते, छप्पर तेवढं बाकी होतं. बाईंनंतर खुर्ची मिळायची होती उपमुख्याध्यापक बोंद्रे सरांना, आणि त्या बारा खांबांवर मंगल कार्यालय किती शोभून दिसेल हे सर शिक्षकांच्या खोलीत उघड बोलत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाईंना विचारलं, "मोठ्या बाई, निरोपाची शाल मरून घ्यावी की मोरपंखी?"

"मोरपंखी घ्या. तुमच्या रंगाला शोभेल," बाई म्हणाल्या, आणि त्याच संध्याकाळी कॅनव्हासचे बूट घेऊन आल्या.

पहिल्या आठवड्यात त्यांना मैदानाची एक फेरीही पुरी झाली नाही. आठवीच्या मुली कडेला बसून मोजत, "बाई, पाऊण." दुसऱ्या महिन्यात चार फेऱ्या झाल्या. चौथ्या महिन्यात बरोबर पळणाऱ्या मुली दमून बसू लागल्या आणि बाई त्यांच्या फेऱ्या मोजू लागल्या. रविवारी दंडोबाचा डोंगर. इकडे बोंद्रे सरांच्या घरी आनंदाला ऊत आला होता. पुतण्याचा निकाल, मेहुण्याची म्हैस व्याली, सरांचा स्वतःचा दात निघाला, प्रत्येक वेळी पेढे, आणि पहिला पेढा मोठ्या बाईंना.

"घ्या हो, एकाने काय होतंय?"

"सात होतात, सर. फेऱ्या," बाई म्हणत आणि पेढा शिपायाला देत. शिपायाचं हृदयवय त्या वर्षी नऊने वाढलं. त्याबद्दल बाईंना पुढे वाईट वाटलं.

निवृत्तीआधीच्या शेवटच्या मोजणीच्या दिवशीच निरोप समारंभ ठेवला होता, म्हणजे मांडवाचं एकच भाडं. स्टेजवर मध्यभागी खाट. पुण्याहून बाईंचा एकुलता मुलगा श्रीरंग आला होता. तो एका कंपनीचं काम घरून, एकाच खुर्चीतून करी. वजन अठ्ठ्याण्णव. आईचं एकोणीस किलो उतरलं होतं. त्याने तिला आधी ओळखलंच नाही.

बाई आडव्या झाल्या. दहा मिनिटं मांडवात पंख्याचा तेवढा आवाज होता. मग डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला.

"अठ्ठावन्न ठोके. हृदयवय सदतीस."

आठवीच्या मुलींनी बाकं वाजवली. कुणीतरी शाळेची घंटा दिली, ती थांबेचना. तेवीस वर्षांची नोकरी शिल्लक. बाई उठल्या, माईकपाशी गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, "छपराचे पत्रे सोमवारी येतील. बोंद्रे सर उतरवून घेतील." सरही टाळ्या वाजवत होते. न वाजवून करतात काय.

आता यंत्र लावलेलंच होतं. श्रीरंगचीही मोजणी या महिन्यात होती. "होऊन जाऊ दे, आई. एक खेप वाचेल," तो म्हणाला आणि खाटेवर पडला. खाट करकरली.

एक्क्याण्णव. हृदयवय एकसष्ट. जन्मदाखल्याने चौतीस.

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुसून पुन्हा लावलं. ब्याण्णव.

"शाल आणलेलीच आहे," बोंद्रे सर हळूच म्हणाले. "दुकानदार परत घेत नाही." पहिल्यांदाच ते मनापासून मदत करत होते.

शाल मोरपंखी होती. बाईंनी ती मुलाच्या खांद्यावर घातली. त्याने डोळे मिटले. "बरं झालं गं," तो म्हणाला. "फार दमलो होतो."

निवृत्तासाठी एक फॉर्म असे. त्यात सांभाळणाऱ्या व्यक्तीचं नाव लागे. जवळचं कुणीतरी, हृदयवय चाळिसाच्या आत. बाईंनी स्वतःचं नाव भरलं. नातं: आई. यंत्राने दोन्ही वयं ताडून पाहिली, चूक पकडली आणि दुरुस्त करून छापलं: कन्या.

"खोडता येईल का?" बाईंनी विचारलं.

"यंत्र मानत नाही," डॉ. कित्तूर म्हणाल्या. त्यांची नजर कागदावरच होती. "बाई, आठ महिन्यांपूर्वी मी रांगेचं म्हणाले होते."

"आत्ता कळलं. आधी कोण जाणार, त्याची."

स्टेजला पाच पायऱ्या होत्या. तिसरीवर श्रीरंग टेकला. बाई खालच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि त्याचं मनगट हातात घेतलं. लहानपणी ताप पाहायच्या तसंच.

"उद्या साडेपाचला मैदानावर."

"निवृत्त माणसाला इतक्या लवकर उठवत नाहीत, आई."

"पाऊण फेरी. मुली मोजतील."

तो हसला, आणि तेवढ्यानेही त्याला धाप लागली. मागे घंटा अजून वाजत होती, मुली मोठ्या बाईंचा जयजयकार करत होत्या, आणि बाई मनगटावरचे ठोके मोजत होत्या. रांगेत त्या पोटच्या पोरामागे चोवीस वर्षं उभ्या होत्या. ती जागा त्यांनी जिंकून घेतली होती.