रेड्याची तपासणी

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. चिखलाने माखलेले बूट, त्यातल्या एकाची लेस सुटलेली. बाकीचा माणूस गाडीखाली होता आणि मजेत शीळ घालत होता. डॉक्टरने मग पायांनाच विचारलं,

"अहो मेकॅनिक, एक विचारू? या गाडीचा मालक कसा आहे? खरं बोलतो का?"

शीळ थांबली.

"बोलतो... कधीकधी."

"म्हणजे लबाड आहे!"

"छे हो! दिसायला बरा आहे, स्वभावाने त्याहून बरा."

"मला लग्न नाही करायचं त्याच्याशी. गाडी घ्यायचीय."

पाय पुढे सरकले. पाठोपाठ गुडघे, मळका शर्ट आणि शेवटी गालावर ग्रीसचा पट्टा ओढलेला एक हसरा चेहरा बाहेर आला.

"मालक मीच," तो म्हणाला.

डॉक्टरचे कान लालेलाल झाले. एरवी ती घाबरणाऱ्यातली नव्हती. गुरांची डॉक्टर होती, अडलेल्या म्हशीची सुटका करताना खांद्यापर्यंत हात घालणारी. पण आत्ता तिला कुठे बघावं ते कळेना, म्हणून ती गाडीकडे बघत राहिली.

गाडी मात्र बघण्यासारखीच होती. काळी, रुंद, उंच चाकांची. डोंगरावरचा गुरांचा दवाखाना डॉक्टरला मिळाला होता आणि एक तारखेला हजर व्हायचं होतं. पक्का रस्ता निम्म्या वाटेतच संपत होता, पुढे अशाच चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं काम होतं. तशी गाडी नसेल तर नोकरी दुसऱ्याला जाणार, हे साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"याचं नाव रेडा," तो बॉनेटवर थाप मारत म्हणाला. "तपासायचाय?"

"रेडे तपासणं हे माझं रोजचं काम आहे," असं म्हणून तिने बॅगेतून स्टेथोस्कोप काढला आणि चालू इंजिनाला लावला. तो आ वासून बघत राहिला.

"धडधड जरा जास्त वाटते," ती म्हणाली.

"इंजिनाची ना?"

तिने स्टेथोस्कोप बॅगेत टाकला. "आतापर्यंतच्या सगळ्या तपासण्यांचे कागद दाखवा. दर वर्षीचे." आत्याची तशी सक्त ताकीद होती. वरून चकचकीत आणि खालून गंजून चाळण झालेली गाडी एकदा आत्याच्या गळ्यात पडली होती. तेव्हापासून जुनी गाडी म्हटलं की आत्या पोलिसासारखी वागायची.

त्याच्याकडे अलीकडचे दोनच कागद होते. जुना सगळा इतिहास तपासणी केंद्रात होता. मालक स्वतः गाडी घेऊन आला तरच तिथल्या बाई तो उघडायच्या, आणि वेळ मिळाली ती थेट पुढच्या गुरुवारची.

"चालेल," तो म्हणाला. "मलाही हे लवकर उरकायचंय. इतकी वर्षं लोकांना डोंगर दाखवत फिरलो. आता भावाने बंदराजवळच्या त्याच्या ऑफिसात जागा ठेवलीय. गाडी गेली की मीही जाणार."

"छानच की," डॉक्टर म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच छान वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती गाडीतल्या मॅट उचलून वास घ्यायला आली. नदीचं पाणी आत शिरलेलं असेल तर कुबट वास येतो, असं आत्या म्हणाली होती. वास आला तो डिझेलचा आणि ओल्या गवताचा. मग ती चिखलात गाडी चालवून बघायला आली. चढावर चाकं गरगरा फिरू लागली तेव्हा "घाबरू नका, हळू... अगदी हळू..." असं तो इतक्या शांतपणे म्हणाला, की गाडी वर चढली तरी तिला तो आवाज थांबू नये असं वाटलं. मग ती खालचा गंज बघायला आली. दोघं एका सतरंजीवर शेजारी शेजारी, उताणे, गाडीखाली. तिने टॉर्च धरली होती आणि तो बोट फिरवून दाखवत होता.

"बघा, नवा रंग फासून काही लपवलेलं नाही."

"अं... आणि आधीचे मालक किती?"

"गाडीचे? मी एकटाच."

"आणि तुमचे?"

टॉर्च हलली. कुणाच्या हाताला धक्का लागला ते सांगता येणार नाही.

"माझी पाटी कोरी आहे, डॉक्टर," तो हळूच म्हणाला. "कुणी तपासायलाच आलं नाही."

त्या संध्याकाळी डॉक्टरला जेवण गेलं नाही. तपासायचं सगळं तपासून झालं होतं. आता फक्त गुरुवार. गाडी पास झाली की गाडी आपली, आणि तो मात्र कायमचा दूर! गाडी नापास झाली तर...? या विचाराने ती दचकली आणि मग तो विचार तिला फारच आवडला.

म्हणून गुरुवारी, तो केंद्राबाहेर चहा आणायला गेला असताना, तिने बॉनेट उघडलं, हॉर्नची वायर ओढून काढली आणि बॉनेट लावून टाकलं. नापास म्हणजे फेरतपासणी. फेरतपासणी म्हणजे आणखी आठवडा तरी! एक तारखेला अजून तेवढा अवकाश होता.

केंद्रातल्या बाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि आधी जुना इतिहास उघडला.

"सहा वर्षं. एकदाही नापास नाही. मीटरचे आकडे सरळ चढत गेलेत, कुठे फिरवाफिरवी नाही. इतका स्वच्छ इतिहास माझ्या जावयाचासुद्धा नाही." मग त्या गाडीभोवती फिरल्या. "डावा इंडिकेटर लागत नाही."

डॉक्टर चमकली. इंडिकेटर? तिने तर हॉर्न...

"बल्ब गेलेला नाही," बाई वाकून म्हणाल्या. "बल्बच नाहीये. आणि हा हॉर्नही मुका! वायर तुटलेली नाही, कुणीतरी ओढलीय." त्यांनी कमरेवर हात ठेवले. "काय चाललंय काय?"

तो खाली मान घालून उभा होता. शेवटी त्याने खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत बल्ब होता.

"बल्ब मी काढला," तो म्हणाला. "पण हॉर्नचं मला काही माहीत नाही... शप्पथ!"

बोलता बोलता त्याने वळून पाहिलं. डॉक्टर छताकडे बघत होती, आणि कान पुन्हा लालेलाल झाले होते.

"डॉक्टर...?"

"आठवडा मिळाला असता," ती पुटपुटली.

"कसला आठवडा?" बाई कडाडल्या. "पाच मिनिटांचं काम!" त्यांनी बल्ब बसवला, वायर जोडली, हॉर्न दाबून बघितला आणि कागदावर शिक्का हाणला. "पास! आता बाहेर जाऊन काय ते एकमेकांशी बोला. मागे रांग लागलीय."

बाहेर ऊन होतं आणि बहाणा काही उरला नव्हता.

"तुम्ही बल्ब का काढलात?" तिने विचारलं. "तुम्हाला तर लवकर जायचंय ना?"

"भावाला मी रविवारीच नाही म्हणून कळवलं."

"रविवारी! मग गाडी विकता कशाला?"

"विकायची नाही म्हटलं असतं, तर तुम्ही परत आला असतात का?"

डॉक्टरला त्याचा राग आला, आणि आनंद तर इतका झाला की रागाला जागाच उरली नाही. "इथे माझा जीव टांगणीला लागला होता! एक डोळा कॅलेंडरवर आणि एक तुमच्यावर... मला तुम्ही आवडता, कळलं? गाडीशिवायही आवडता."

त्याने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि हात तिथेच राहू दिला.

"गाडी तुमचीच," तो कसाबसा म्हणाला. "शब्द दिलाय. मी दुसरी बघेन... डोंगर काही सुटायचा नाही मला. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर हीच... दोघांच्या नावावर केली तर?"

तिने त्याची बोटं किल्लीसकट मुठीत घट्ट धरली.

"इथली नाव बदलायची खिडकी किती वाजता बंद होते?"

"आता दहा मिनिटांत."

"मग उभा काय राहिलायस? चल!" ती म्हणाली आणि त्याला ओढतच आत घेऊन गेली.