टोपीवाले

गोष्ट भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन होतं, त्यामुळे तुम्हाला ती खोटी वाटेल, पण ऐका. सासऱ्यांना जाऊन वर्ष होत होतं आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सगळा गोतावळा जेवायला येणार होता. माझा नवरा एर्मेक जेवणासाठी घोडा आणायला डोंगरात गेलेला. तिथे फोन लागत नाही. घरात मी, सासूबाई आणि एर्मेकने आणलेला नवा डबा.

डबा म्हणजे घरातल्या फोटोंचं न् व्हिडिओंचं कपाट. त्यात फोल्डर नीट लावले की सगळं टीव्हीवर दिसतं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे अपांना, त्यातलं एकच हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेला आशीर्वाद, चार मिनिटं अकरा सेकंद. त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. मूळ टेप स्टुडिओत उतरवून घेतानाच तुटली होती. जेवणानंतर सगळ्यांनी त्यांच्याच आवाजापुढे दुव्यासाठी ओंजळ धरावी, एवढंच अपांचं मागणं होतं.

आता फोल्डरला नाव द्यायचं. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मी तर लिहीतही नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. प्रत्येक फोटोत त्यांच्या डोक्यावर पांढरी उंच टोपी, म्हणून मी लिहिलं, ‘टोपीवाले’. आणि घाईत ते सिनेमांच्या कप्प्यात ठेवलं. डबा फार हुशार. त्याने इंटरनेटवर शोधाशोध करून सासऱ्यांना कुठल्याशा परदेशी सिनेमाचं पोस्टर लावलं. टीव्हीवर पिस्तूल रोखलेला एक माणूस आणि मागे अर्धवट कपड्यांतली बाई.

अपा स्वयंपाकघरात बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. गुरुवारी तेल तापवायचं, गेलेल्यांना त्याचा वास पोचतो. त्या कधीही बाहेर येतील म्हणून मी घाबरून रिमोटवरचं ‘काढून टाका’ दाबलं. मला वाटलं, पोस्टर जाईल. पोस्टर गेलं, आणि आशीर्वादही गेला.

मी सगळे कप्पे उपसले. कचऱ्याची टोपली उघडली, तीही रिकामी. या घरात येऊन मला आठच महिने झाले होते, आणि त्यांचा आवाज मी पुसून टाकला होता. उद्या अपा सगळ्यांदेखत माझ्याकडे बघतील, या विचारानेच रडू फुटलं.

तेवढ्यात सरोवरावरचा वारा पडला. सरोवराकाठच्या आमच्या बालिक्ची शहरात वारा पडत नाही हो, इथे लोक वाऱ्याला टेकूनच चालतात. खिडक्यांची थरथर थांबली. तळणीचा वास खोलीत दाटला आणि डबा आपला आपण गुरगुरायला लागला. आतल्या तबकड्या फिरत होत्या… कुणीतरी पानं उलटत असल्यासारख्या.

टीव्हीवर एक नवं फोल्डर आलं. त्यावर त्यांचं नाव होतं. खरं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

मी उठून दारात गेले. अपांचे हात कोपरापर्यंत पिठात होते.

“अपा… तुम्ही डब्याला हात लावलात?”

“मला दिवा लावता येतो तेच पुष्कळ आहे, पोरी.”

“मग त्यांचं नाव कुणी लिहिलं? तुम्ही घेत नाही, मी घेत नाही…”

अपा हात पुसत बाहेर आल्या. टीव्हीवरचं नाव बघितलं आणि लाजल्या. साठीची बाई, चक्क लाजली. म्हणाल्या, “टोपीवाले म्हटलेलं त्यांना कधीच आवडायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी साठ माणसांनी ओंजळी धरल्या. आवाज खणखणीत लागला. घोड्याचं मटण मऊ शिजलं होतं, म्हाताऱ्यांनी मला तोंडभरून दुवा दिल्या, एर्मेक मिरवत होता. मी मनातल्या मनात सासऱ्यांची शंभरदा माफी मागितली. फार सुखाचा दिवस गेला तो.

फक्त पाहुणे गेल्यावर माझं सहज लक्ष गेलं. व्हिडिओ पाच मिनिटांचा झाला होता. पुढच्या गुरुवारी तो नऊचा झाला. आता एकतीस मिनिटांचा आहे. एर्मेक म्हणतो, डबा सदोष आहे, बदलून घेऊ. अपा त्याला हात लावू देत नाहीत. दर गुरुवारी तेल उतरवलं की चहा घेऊन टीव्हीपुढे बसतात. शेवटपर्यंत ऐकायचं धाडस मला झालेलं नाही.

काल बशी ठेवायला गेले तर त्या पदर तोंडाला लावावा तसा रुमाल लावून हसत होत्या.

“का गं बेगायिम,” त्यांनी हळूच विचारलं, “आपण इथून बोललेलं त्यांना ऐकू जातं का?”

“नाही, अपा. हे नुसतं ऐकायचं असतं.”

“असं होय,” त्या म्हणाल्या आणि कपात साखर ढवळत राहिल्या. “मग ते उत्तरं कशी देतात?”