अकरा पावलांवरचा गडी

केळीचा शेवटचा वाफा भरला की मोटारीचा खटका खाली करायचा, एवढंच काम श्रीरंगला सांगितलं होतं. तेवढंही सांगू नये, अशी काही माणसं असतात. त्यातून हा जावई. जावयाला निर्मळच्या वाडीत 'जेवा' आणि 'अजून घ्या' याखेरीज काही सांगायची पद्धतच नाही.

सासरे नरहरी, सासूबाई प्रेमला आणि बायको सुरुची, तिघं आगाशीला साखरपुड्याला निघाली. श्रीरंग मनवेलपाड्याहून सकाळीच आला होता. बावखलाच्या पायरीवर तो गादी, छत्री आणि तीन चार्जर मांडून बसला, कारण अख्ख्या वाडीत मोबाईलला रेंज काय ती तिथेच. बावखल म्हणजे विहिरीहून मोठं, तळ्याहून लहान, गोड्या पाण्याचं. काठाला जांभूळ वाकलेलं, खाली पाणी शेवाळाचं हिरवं. भर उन्हातही तिथे गारवा, आणि कुजक्या केळीच्या सोपटांचा वास.

"जावईबापू, खटक्याचं लक्षात आहे ना?" नरहरीनं फाटकातून विचारलं.

"हो मामा, तुम्ही बिनधास्त जा," मान वर न करता श्रीरंग म्हणाला.

त्या दिवशी बाराला 'रणझुंज' नावाचा नवा गेम सुटणार होता. हल्ली मोबाईलवर जितके गेम येतात तितकी अळवावर अळीसुद्धा येत नाही. दर शुक्रवारी नवा. नवा म्हणजे काय, तर गडी तोच, फेटा वेगळा. बंदुकीला नवीन रंगाचा अंगरखा घालायचा आणि चार दिवस त्याचंच कौतुक. काही गेम तर आपले आपणच खेळतात, माणसानं नुसतं बघत बसायचं. शाळेत ज्यांची हजेरी मास्तरांना शोधून सापडली नाही, ते गेममध्ये रोजची हजेरी चुकू नये म्हणून सख्ख्या काकाच्या तिरडीमागे अंगठा चालवत चालताना पाहिलेत.

श्रीरंग त्यांतलाच. वय छत्तीस. अंधेरीच्या ऑफिसात पाच दिवस खाली मान, आणि सुट्टीला 'श्रीभाई लाईव्ह'. खेळत खेळत मोठ्यानं वर्णन करायचं आणि दोनशे रिकामटेकड्यांनी ते बघायचं. पण देवानं एक गोष्ट खरी दिली होती. आवाज. तुळिंजच्या गणपतीत तो माईकवर बोलला की भजी तळणारा झारा हातात धरून थांबायचा. रणझुंजवाल्यांना गेममध्ये बोलायला मराठी आवाज हवा होता. शेवटच्या दोघांत श्रीरंग होता, आणि आजचा खेळ ऐकून ते ठरवणार होते. ठरलं तर ऑफिसला रामराम. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला मान वर करून बोल म्हणत होतं.

पलीकडच्या वाडीतून रोझमेरीबाय ओरडली, "प्रेमला... ए प्रेमलाऽ... ए प्रेमलाऽऽ!"

"गेल्या त्या आगाशीला!" श्रीरंग वैतागून ओरडला, आणि मोबाईलमधल्या दोनशे जणांना म्हणाला, "बघा मित्रांनो, वाडीत नेटवर्क नाही, तर माणसं तीन-तीनदा ओरडतात." दोनशे जण हसले. त्यांना हसायला काहीही चालतं.

बारा वाजले. गेम उघडला. त्यानं आधी माईक मागितला, मग आवाजाचा नमुना मागितला, मग आणखी दोन पानभर काहीतरी विचारलं. श्रीरंगनं न वाचता 'मंजूर' दाबलं. लग्नातसुद्धा अक्षता पडेपर्यंत माणूस थोडा घुटमळतो, इथे तेही नाही.

या गेमची नवी करामत अशी, की आसपास जो कोणी खेळत असेल त्याला तो आपणच तुमच्या टोळीत ओढतो. श्रीरंगला वाटलं, इथे कोण येणार, केळी?

पण एक गडी आला.

नावाच्या जागी काहीच नव्हतं. खाली अंतर होतं. चाळीस पावलं.

"अरे वा, निर्मळमध्येही खेळाडू आहेत!" श्रीरंगनं झोकात सुरुवात केली. "मित्रांनो, आपला नवा साथीदार... पंचवीस पावलांवर."

त्यानं मान वर केली. डावीकडे केळी, उजवीकडे मोगऱ्याचे ताटवे. पान हलत नव्हतं. मोटार मात्र बंद होती. कधी बंद पडली, कोण जाणे. आणि पाट तर वाहतच होता... भरून, संथ, आवाज न करता.

अकरा पावलं.

पायरीपासून अकरा पावलांवर बावखलाचा मध्य येतो.

श्रीरंगनं पाण्याकडे पाहिलं. पाण्यावर जांभळाची सावली होती, आणि ती झाडाच्या थोडी आधी हलत होती.

कानातल्या हेडफोनमध्ये कुणीतरी अगदी जवळून, ओल्या घशानं म्हटलं,

"श्रीरंग..."

गेममध्ये तो श्रीभाई. श्रीरंग हे नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. पण या खेळणाऱ्यांची सवय अशी, की साथीदारानं हाक मारली की क्षणात उत्तर द्यायचं. उशीर केला तर मेलात. आई तासभर जेवायला हाका मारते, तिला हूं नाही. इथे मात्र एका हाकेला...

"ओ! बोल भावा!"

एवढे तीनच शब्द. ते तोंडातून गेले ते दात काढल्यासारखे. मागे पोकळी राहिली. श्रीरंगनं पुढचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा. खाकरला, तर खाकरल्याचाही आवाज नाही.

आणि मोबाईलमध्ये श्रीभाई बोलत होता.

काय बोलत होता! असा तो जन्मात बोलला नव्हता. गोळी कुठून आली, गडी कसा पडला, मध्येच एक ओवी, मध्येच शिवी. दोनशेचे दोन हजार झाले. 'भाई, आज आवाज एक नंबर!' असे संदेश धो धो येऊ लागले. पडद्याच्या कोपऱ्यात श्रीरंगचा चेहरा दिसत होता, पाण्याबाहेर काढलेल्या बोय माशासारखं तोंड उघडझाप करणारा, डोळ्यांतून पाणी गळणारा. तो हातवारे करत होता, गळा दाखवत होता, वाचवा म्हणून हात जोडत होता. दोन हजारांतल्या एकाला तरी कळावं? त्यांनी हसरे चेहरे पाठवले. 'भाई, काय अॅक्टिंग!'

अंतर आता शून्य दाखवत होतं.

श्रीरंगनं मोबाईल बावखलात भिरकावला. तो बुडाला. आवाज बुडायला बराच वेळ लागला.

तिघं परतली तेव्हा तो फाटकाशी उकिडवा बसला होता. "खटका केलात ना खाली?" नरहरीनं विचारलं. श्रीरंगनं गळ्याकडे बोट केलं, मग बावखलाकडे. मग तोंडाशी हात नेऊन हाक मारल्याची खूण केली, आणि एक बोट दाखवलं.

नरहरीनं बावखलाकडे पाहिलं आणि विचारलं,

"एकदाच मारली हाक? आणि तुम्ही... ओ दिलीत?"

श्रीरंगनं मान हलवली.

"अहो, वाडीत माणूस तीनदा हाक मारतो जावईबापू... ते एकदाच मारतं. म्हणून तर आम्ही..."

"मी म्हटलं होतं, सांगून ठेवा," प्रेमला हळूच म्हणाली. "तर हे म्हणाले, शिकलेला माणूस आहे, हसेल."

"हसलाच असता," सुरुची म्हणाली, आणि रडायला लागली.

विरारच्या डॉक्टरनं घशात नळी घालून पाहिलं. सगळं ठणठणीत. दुसरा डॉक्टर म्हणाला, मनाचं आहे. तिसऱ्यानं सल्ला दिला, थोडे दिवस मोबाईलवर गेम खेळा, बरं वाटेल.

पंधरा दिवसांनी रणझुंजवाल्यांचं पत्र आलं. अभिनंदन. तुमचाच आवाज निवडला. तुम्ही पाठवलेली सगळी ध्वनिमुद्रणं मिळाली, फारच उत्तम.

श्रीरंगनं एकही पाठवलं नव्हतं.

मग तो आवाज मनवेलपाडाभर झाला. रिक्षात, पानाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत. गेममध्ये नवी सोय आली, की माणूस दिवसभर खेळला नाही तर गेम त्याला नावानं हाक मारतो. एकदाच, गोड. समोरच्या बिल्डिंगमधला जितेश अंघोळीतून ओला धावत येऊन म्हणायचा, "ओ, आलो!" श्रीरंग खिडकीतून हात हलवून नको नको करायचा. जितेश उलट हात हलवून त्याला टाटा करायचा.

हळूहळू घरं गप्प होत गेली. पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरात एकमेकांशी आधी तरी कोण बोलत होतं?

सुरुचीनं मात्र गेमला कधी बोट लावलं नव्हतं. आपला मोबाईल बंद करून तिनं तो माहेरी ठेवून दिला होता. घरात दोघंच, बाहेरच्या खोलीत, संध्याकाळचे सहा. ती पाटीवर लिहून त्याच्याशी बोलायची, त्याला एकट्याला मुकं वाटू नये म्हणून. एवढं प्रेम त्याच्या वाट्याला होतं, आणि त्याला ते कळायला आवाज जावा लागला.

स्वयंपाकघरातून हाक आली.

"सुरुची..."

त्याचाच आवाज. लग्नाच्या पहिल्या वर्षी मारायचा तसा, थोडा लाडात.

अकरा वर्षांची सवय. तिनं श्वास आत घेतला. श्रीरंगनं पाटी फेकून झेप घेतली आणि तिचं तोंड तळहातानं गच्च दाबलं. दोघं भिंतीला टेकून राहिली. त्याच्या हाताखाली तिचे ओठ मिटलेले होते. ती मानेनं सांगत होती, नाही... नाही बोलत मी... नाही दिली ओ.

एक क्षण. दोन क्षण. खाली कुणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि गेली.

मग स्वयंपाकघरातून सुरुचीचा आवाज आला.

"आले हं!"

श्रीरंगनं हात काढला. सुरुचीचे ओठ भराभर हलू लागले. काहीच ऐकू येत नव्हतं. त्या आवाजाला आता ओसुद्धा लागत नव्हती.

आत गॅस पेटल्याचा आवाज झाला. पातेलं ठेवल्याचा झाला. आतली दोघं गप्पा मारत होती, मजेत, मध्येच हसत, बाहेरची दोघं कित्येक वर्षांत बोलली नव्हती तशी. चहाचा वास आला, आणि त्यामागून कुजक्या केळीच्या सोपटांचा. ओट्यावर कपबशी ठेवल्याचा आवाज झाला.

मग दुसरी.

मग, जरा थांबून, तिसरी.