यातलं पिरिडीन कुठलं?

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात उत्तम केमिस्ट होता. सत्त्याऐंशी सालच्या त्या दुपारी सर्दीने त्याचं नाक पार चोंदलं होतं, आणि नेमकी तेव्हाच सगुणाने दोन बाटल्या वरून धुता धुता त्यांची लेबलं घालवली. एकीत पिरिडीन, दुसरीत पायरोल, आणि दिसायला दोन्ही पाण्यासारखी. मालकांनी सांगून टाकलं, संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही तर बाईला घरी बसवा.

सगुणा कोलशेतची कोळीण. तिचा नवरा दामाजी गेल्या वर्षी इथेच, स्टोअरमध्ये वारला. विषारी पिरिडीन गळलं तेव्हा त्या घाणेरड्या वासाने बाकीचे पळत सुटले. दामाजीला वाटलं, कुणीतरी सुक्या बोंबलांचा डबा उघडलाय. जेवून तो तिथेच निवांत आडवा झाला. मग त्याच्या जागी सगुणाला घेतलं. उत्तमला तिच्याकडे बघून फार वाईट वाटायचं.

"घाबरू नका, सगुणाबाई. दोन्हींत नायट्रोजन आहे खरा, पण एकाच्या रेणूचं कडं सहा कोनांचं, दुसऱ्याचं पाच कोनांचं. स्वभाव वेगळे."

ती रिकाम्या स्टुलाशेजारी बसून होती.

आम्लात भिजवलेली देवदाराची काडी त्याने पहिल्या बाटलीवर धरली. ती लाल झाली. हे पायरोल. ओला लाल लिटमस दुसरीवर धरला, तो निळा झाला. हे पिरिडीन. सुटलो एकदाचे, म्हणत त्याने बुचं घट्ट लावली आणि नवी लेबलं चिकटवली.

स्टुलाजवळ पडलेली लिटमसची दुसरी ओली पट्टीही निळी झाली होती.

पिरिडीनची बाटली गळत असेल, म्हणून तो ती बाहेर व्हरांड्यात ठेवून आला. नवी पट्टी घेतली. खिडकीपाशी ती लालच राहिली, दारापाशीही लालच. स्टुलाशी नेताच निळी.

बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल, तिथे रंग सगळ्यात भराभर पालटत होता.

तो झटकन मागे सरला. "सगुणाबाई, उठा तिथून!"

"नोकरी कोनाला पायजे होती, सायेब?" ती शांतपणे म्हणाली. "मी यांना न्यायला आलेली. एवढे महिने सापडतच नव्हते."

मग स्टुलाकडे वळून हळूच म्हणाली, "चला आता."

दार तिने जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

उत्तमने खिडकीतून पाहिलं. फाटकावरच्या नव्या वॉचमनने तिची पिशवी चाचपली, तिला सोडलं, आणि लगेच काठी आडवी घातली.

"ए, थांब," तो तिच्या मागे बघून ओरडला. "तुझा पास कुठाय?"